फिका पडलेला डिस्प्ले आणि ५९० रुपयांची 'तपासणी'

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : पोर्टेबल रेकॉर्डरचा डिस्प्ले दिसेनासा झाल्याबाबत. तोंडी तक्रारी चार झाल्या, ही पाचवी लेखी.

महोदय,

काल दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर ४१ मिनिटं गेली, त्यानंतर हे लिहिते आहे. रेकॉर्डर २०१२ साली घेतलेला. वॉरंटी संपून जमाना झाला हे मला कळतं, फुकट काही मागत नाही. पैसे घेऊन डिस्प्ले बदलून द्या, एवढंच म्हणणं आहे आणि पहिल्या दिवसापासून तेवढंच आहे.

नवे सेल घालून झाले. अ‍ॅडॉप्टर लावून झाला, रीसेट झालं. टॉर्च तिरपा धरूनही पाहिला. डिस्प्ले एलसीडीचा असता आणि त्याचा बॅकलाइट, म्हणजे मागचा दिवा, गेला असता तर टॉर्चच्या उजेडात अक्षरं पुसटशी तरी दिसली असती. इथे उजेडात काही म्हणता काही नाही, आणि खोलीतले दिवे मालवले की तीच अक्षरं राखेतल्या निखाऱ्यासारखी दिसतात. वरच्या ओळीतली सेलची खूण आणि वेळेचे आकडे कायम पेटलेले असायचे, ते जवळजवळ गेलेत. मेनू उघडल्यावरच उजळते ती सगळ्यात खालची ओळ मात्र अजून लख्ख आहे. जे जास्त जळलं ते जास्त झिजलं. तुमचा डिस्प्ले ओएलईडीचा, त्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो, आणि त्याचं असं होतं हे तुमच्या इंजिनिअरांना मी सांगायला नको. तरी तुमच्या सेवा केंद्राने यंत्र २३ दिवस ठेवून घेतलं, तपासणीचे जीएसटीसकट ५९० रुपये घेतले आणि 'डिव्हाइस ओके' असा शिक्का मारून परत दिलं. ट्यूबलाइटखाली एकदा चालू करून पाहिलं असतं तरी पुरे होतं.

आता कालचा फोन. "मॅडम, सेटिंगमध्ये जाऊन ब्राइटनेस वाढवा." म्हटलं, वाढवलाय, बटणं मोजून मोजून आंधळ्यासारखा वाढवलाय, शेवटच्या टोकाला आहे. "स्क्रीनवर आता काय दिसतंय?" काही दिसत नाही म्हणूनच फोन केलाय. "बरं, मग मॉडेलच्या मेनूमधून सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर वाचून सांगा." मी म्हटलं, दादा, वाचताच येत नाहीये. थोडा वेळ तुमची ती सनई वाजली. मग तो परत आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, घरात कुणी जेन्ट्स आहेत का? मिस्टर, मुलगा वगैरे? त्यांच्याकडे फोन देता का, म्हणजे टेक्निकल समजावता येईल."

माझे मिस्टर त्या वेळी आत भाजी निवडत होते. त्यांना रेकॉर्डरचं प्ले बटण कुठलं हेही माहीत नाही, आणि त्यात त्यांचं काही अडत नाही. मी चोवीस वर्षं रेकॉर्डिंग करते आहे, तुमच्या यंत्राआधी कॅसेटवर केलं. हे मी त्या मुलाला शांतपणे सांगितलं. निदान सुरुवात तरी शांतपणे केली. त्यावर तो म्हणाला, "मग मॅडम, मोबाईलवरच रेकॉर्ड करा ना, आजकाल सगळे तेच करतात." रेकॉर्डर विकणाऱ्या कंपनीचा माणूस! तुमची जाहिरात बंद करून हे वाक्यच छापा, खर्च वाचेल. फोन ठेवताच मेसेज आला : आमच्या सेवेला किती तारे द्याल?

डिस्प्ले दिसला नाही म्हणून काय बिघडतं, तेही ऐका. भोर तालुक्यातल्या गावांत मी जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करते. डिस्प्लेवरच्या आवाजाच्या मीटरची पट्टी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवली की आवाज चढला तरी जागा उरते. श्रावणात एका आजींनी जात्याशी बसून सलग चौदा ओव्या म्हटल्या. मीटर दिसत नव्हता. पदराखाली यंत्र धरून, मोबाईलच्या कॅमेऱ्यातून त्याच्याकडे बघत, अंदाजाने लेव्हल लावली. घरी येऊन ऐकलं तर प्रत्येक चढ्या सुराला आवाज फाटलेला. डिजिटलमध्ये शून्य डेसिबलच्या वर गेलेलं परत आणता येत नाही. आजींना पुन्हा म्हणायला सांगितलं तर म्हणाल्या, "दळण झालं की गं बाई." पीठ तर डब्यात गेलं होतं.

त्यामुळे पंधरा दिवसांत तीनपैकी एक गोष्ट करा. डिस्प्लेचा सुटा भाग विकत द्या. तो नसेल तर तसं लेखी कळवा आणि सर्व्हिस मॅन्युअल द्या, बसवून घ्यायला माणूस माझा मी शोधीन. दोन्ही जमत नसेल तर संपूर्ण मेनूचा नकाशा छापून पाठवा, कुठल्या बटणाला किती दाबलं की काय होतं तो, म्हणजे निदान मोजून तरी चालवीन. आणि ५९० रुपये परत करा. न केलेल्या तपासणीचे आहेत ते. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. शिक्क्याचा कागद मी जपून ठेवलाय.

वाईट याचं वाटतं की यंत्र खरंच चांगलं आहे. एवढ्या वर्षांत दोनदा ओट्यावरून पडलं, एकदा पावसात भिजलं, पण आवाज अजून तसाच स्वच्छ घेतं.

तुमची (अजून तरी) ग्राहक

ता.क. : सेवा केंद्रातून यंत्र परत आलं तेव्हा सेलचं झाकण नव्हतं. तेही पाठवा. सध्या रबरबँड लावलाय.