दादांस पत्र: गुडघ्याची दुखापत आणि पहिले सहा तास

शिकागो

तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तालमीतल्या मुलांच्या पायाला मार बसला, तर कोणाला तातडीने शस्त्रक्रियेसाठी न्यावे आणि कोणाला थांबता येते, असे आपण विचारले होते. माझ्या फिजिओथेरपीच्या कामात हा प्रश्न नित्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वांत घातक तो निखळलेला गुडघा. नुसती वाटी सरकणे वेगळे. गुडघा निखळला की मांडीचे हाड आणि नडगी यांचा सांधाच सुटतो आणि त्यामागून जाणारी पायाची मुख्य रोहिणी फाटू शकते. येथील शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या झॅक मिलरचे २०१७ च्या ऑक्टोबरात न्यू ऑर्लिन्सच्या सामन्यात हेच झाले. त्याच शहरात तातडीने शस्त्रक्रिया करून, दुसऱ्या पायाची शीर जोडून, पाय वाचवावा लागला. सहा ते आठ तासांत रक्तपुरवठा सुरू झाला नाही, तर पाय कापावा लागण्याचा धोका फार वाढतो. फसवे असे की, हा सांधा पुष्कळदा मैदानावरच आपोआप जागेवर बसतो, एक्स-रेमध्ये हाडे शाबूत दिसतात आणि मंडळी निश्चिंत होतात. पाऊल गार किंवा फिकट वाटले, तर रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेले रुग्णालयच गाठावे.

नडगी मोडल्यावर, किंवा नुसत्या जबर माराने, पोटरी टणक झाली आणि पायाची बोटे हलकेच ताणली तरी मुलगा कळवळला, तर स्नायूंभोवतीच्या आवरणात दाब वाढला आहे असे समजावे. हे आवरण काही तासांतच चिरून मोकळे करावे लागते, नाहीतर स्नायू मरतात. येथे पावलाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. घट्ट पट्टी आणि मालिश दोन्ही वर्ज्य. गावच्या हाडवैद्यांवर वहिनींचा विश्वास आहे, तरीही.

गुडघा ताठ ठेवून पाय उचलता येत नसेल, तर वाटीजवळचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा बंध, तुटलेला असू शकतो. तो पहिल्या दोन आठवड्यांत शिवलेला बरा, पुढे तो आखडतो. ब्राझीलच्या रोनाल्डोचा कंडरा एप्रिल २००० मध्ये सामन्यात तुटला होता. २००२ च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले. सांध्यातली कूर्चेची गादी फाटून मध्ये अडकली आणि गुडघा सरळच होत नसेल, तर त्यातही आठवडे घालवू नयेत. मुले ज्या एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आतील हाडे जोडणाऱ्या दोरीची, सर्वाधिक धास्ती घेतात, ती एकटीच तुटली असेल तर मात्र सूज उतरून हालचाल परत येईपर्यंत बहुधा थांबतात.

स्पर्धेपूर्वीच जवळचे योग्य रुग्णालय विचारून ठेवावे. नेताना वाटेत चहा-बिस्किटे देऊ नयेत, कारण भूल द्यावी लागू शकते.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला धाकटा भाऊ