रंग खरवडण्याआधी फ्रेम मोजा

संपादक महोदय,

हाताने बांधलेली सायकलची जुनी स्टील फ्रेम घेताना बहुतेक जण आधी स्टिकर पाहतात. ‘रेनॉल्ड्स ५३१’ किंवा ‘कोलंबस’ अशी नामांकित नळ्यांची नावे छापलेले नवेकोरे स्टिकर विकत मिळतात, त्यामुळे त्यावर विसंबून पैसे मोजू नयेत.

फ्रेम कुठली हे ओळखण्याची सुरुवात बॉटम ब्रॅकेटपासून, म्हणजे पेडलचा आस जिथे बसतो तिथून करावी. तिथल्या आडव्या नळीला शेल म्हणतात आणि तिच्या दोन्ही टोकांना बेअरिंग धरणारे कप आट्यांवर फिरवून बसवतात. ब्रिटिश शेल ६८ मिमी रुंद, इंचाला २४ आटे आणि चेनकडचा कप उलट्या आट्यांचा. इटालियन शेल ७० मिमी, आटे ३६ मिमी व्यासाचे आणि दोन्हीकडे सरळ. मात्र रुंदी ६८ आणि आटे इटालियन निघाले, तर फ्रेम इटलीची समजू नका. ब्रिटिश आटे झिजले की मोठा टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारून इटालियन कप बसवणे ही जुनी दुरुस्ती आहे. नॉटिंगहॅमच्या कारखान्यातल्या जुन्या रॅले सायकलींना तर इंचाला २६ आटे असतात. तिथे नेहमीचा २४चा कप पान्याने रेटला की शेलच वाया जाते.

मग सीटची नळी. बाहेरून २८.६ मिमी आणि आत सीटपोस्ट (सीट धरणारा दांडा) २७.२ मिमीचा बसत असेल, तर नळी पातळ, म्हणजे बहुधा चांगल्या प्रतीची. त्याच नळीत २६.४चा पोस्ट असेल तर भिंत जाड. पण फ्रेंच नळी बाहेरून २८.० मिमी असते आणि तिथे २६.४ हे उत्तम फ्रेमचेही माप आहे. म्हणून बाहेरचा व्यास आधी घ्या. लगचे, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या खोबणीचे, सीटपोस्ट आवळणारे दोन कान एकमेकांकडे ओढलेले दिसले, तर कुणीतरी बारीक पोस्ट आवळून बसवला होता. आतला व्यास व्हर्नियर कॅलिपरने, कानांच्या खाली मोजा.

पुढचे चाक धरणारा चिमटा (फोर्क) फ्रेममधून काढून त्याची स्टिअररची नळी, म्हणजे फ्रेममध्ये जाणारी वरची नळी, जरूर पाहा. कोलंबसच्या बऱ्याच नळ्यांवर कबुतराचा ठसा आणि आत, खालच्या टोकाला, पिळाच्या पाच कडा असतात. मागच्या ड्रॉपआउटवर (चाकाचा आस अडकवायच्या खाचेच्या पट्टीवर) ‘कॅम्पॅग्नोलो’ हे इटालियन कंपनीचे नाव कोरलेले असले तरी त्यावरून देश ठरत नाही. त्या कंपनीचे ड्रॉपआउट ब्रिटन, जपान सगळीकडचे कारागीर वापरत.

रंगकाम करणाऱ्यांना कळकळीची विनंती : शेलखालचा आणि स्टिअररवरचा क्रमांक आधी कागद ठेवून पेन्सिलीने उतरवून घ्या. अनेक ब्रिटिश कारागीर दोन्हीकडे एकच क्रमांक ठोकत. तो जुळला तर चिमटा मूळचा. रंग रसायनाने काढा. मध्यभागी नळी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, जोरदार सँडब्लास्टिंगने ती आणखी पातळ होते आणि पुसट क्रमांक कायमचा जातो.

— एक वाचक, पुणे