बाबांच्या खोकल्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल फोनवर बाबांपेक्षा त्यांचा खोकलाच जास्त ऐकू आला. मागून आईचं चाललेलं, "रात्री गरम पाण्यातून बूचभर ब्रँडी देते ना, मग लागतो डोळा."

ब्रँडीवर माझा राग नाही. बांद्याच्या मामांकडे अनंतमुळाची मुळं टाकलेली काजूफेणी 'औषधाची' म्हणून वेगळी ठेवलेली असायचीच. आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मिळणारा पिण्याचा परवानासुद्धा कागदोपत्री आरोग्य राखण्यासाठी असतो! म्हणजे सरकारही आईच्याच बाजूचं.

पण खोकला त्याने जात नाही. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. आतली उष्णता उलट बाहेर जाते. झोप येते ती गुंगीची, पहाटे मोडणारी. घशाला बरं वाटतं ते गरम पाण्याने आणि मधाने. मग तेवढंच घ्या की.

मला संशय वेगळाच आहे. दिवाळीत तुमची रक्तदाबाची गोळी बदलली आणि खोकला त्यानंतरचा. रामिप्रिल, एनालाप्रिल असं शेवटी 'प्रिल' असलेलं नाव आहे का बघा. या गोळ्यांनी काहींना कोरडा, खवखवणारा खोकला लागतो. तो महिनोन्महिने राहतो आणि कुठल्याच काढ्याला दाद देत नाही. गोळी बदलली की बहुधा काही आठवड्यांत थांबतो. मात्र बाबा, आपल्या मनाने बंद करायची नाही, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. डॉक्टरांना विचारा, दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या असतात. शिवाय खोकला दोन आठवड्यांच्या वर गेलाय, तेव्हा थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रेही होऊन जाऊ दे. क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

सर्दीची गोळी घेतली असेल त्या रात्री तर ब्रँडी नकोच. दोन्हींची गुंगी एकदम चढते, आणि न्हाणीघराचा तो उंच उंबरा आहेच.

आई, मे महिन्यात दादाचा छोटू येईल. त्याला चमचाभरसुद्धा चाटवू नकोस. आमच्या वेळी चालायचं, ठीक आहे. पण दारूने लहान मुलांच्या रक्तातली साखर एकदम उतरू शकते. त्याला वर्ष पूर्ण झालंय, मध चालेल.

बाबा, गोळ्यांच्या स्ट्रिपचा फोटो आजच पाठवा. उलट्या बाजूचा, नाव तिकडेच छापलेलं असतं.

तुमची,
ताई