वैमानिकाचा अनुभव आणि ओझरचे धुके

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात नुकतेच एका वाचकाने असे मत मांडले की, आजची विमाने संगणकच उडवतो, वैमानिक नुसती बटणे दाबतो, तेव्हा ज्येष्ठ वैमानिकांना भरमसाट पगार देण्यापेक्षा कमी पगारावर येणारी तरुण मुले घ्यावीत आणि तिकिटे स्वस्त करावीत. माझी चौतीस वर्षे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या संगतीत गेली. त्यामुळे यंत्राबद्दल माझ्या मनात आकस नाही. संगणकाच्या आज्ञेवर चालणारी सीएनसी मशीन माझ्या हातापेक्षा अचूक काम करते, हे मी रोज पाहिले आहे. मात्र मशीनचा आवाज बदलला की लाल बटण दाबून ती थांबवता येते आणि मग चहा घेत घेत बिघाड शोधता येतो. हवेतल्या विमानाला असे बटण नसते, आणि त्या वाचकाच्या हिशेबात नेमकी हीच गोष्ट राहून गेली आहे.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेले एअरबस ए-३२० विमान सुमारे २,८०० फुटांवर रानहंसांच्या थव्यात सापडले आणि त्याच्या दोन्ही इंजिनांचा जोर गेला. तेथून हडसन नदीच्या पाण्यावर टेकेपर्यंत २०८ सेकंद मिळाले, आणि विमानातील १५५ जणांपैकी एकही दगावला नाही. ही घटना आपल्याकडेही 'चमत्कार' म्हणूनच सांगितली जाते, त्यामुळे त्या सेकंदांत झालेले काम झाकले जाते. सत्तावन्न वर्षांच्या कॅप्टन सलेनबर्गर यांच्या नावावर तेव्हा जवळजवळ २०,००० तासांचे उड्डाण होते. इंजिने गेल्याबरोबर त्यांनी शेपटीतले छोटे सहायक इंजिन चालू केले, ज्यामुळे विमानाची वीज टिकली आणि विमानाला सावरून धरणारे संगणकही जागे राहिले. चेकलिस्टमध्ये, म्हणजे बिघाड झाल्यावर क्रमाने काय करायचे त्या यादीत, ही पायरी बरीच खाली होती. याचे कारण असे की, ती तीन पानी चेकलिस्ट खूप उंचावर, हाताशी पुरेसा वेळ असताना इंजिने बंद पडली तर काय करावे, यासाठी लिहिलेली होती. कॅप्टन आणि त्यांचे सहवैमानिक यांना तिचा जेमतेम तिसरा हिस्सा पुरा करता आला. सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांच्याकडेही पंधरा हजारांवर तास होते, पण या जातीच्या विमानावर ते नवे होते. नुकतेच प्रशिक्षण संपवून आल्यामुळे चेकलिस्ट मात्र त्यांच्या डोक्यात ताजी होती. म्हणून विमान कॅप्टनने हाती घेतले आणि पाने सहवैमानिकाने सांभाळली. पुढे तपासात सिम्युलेटरवर, म्हणजे उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या यंत्रावर, असे आढळले की, पक्षी आदळताच त्या क्षणी वळले तर काही वेळा मागे विमानतळ गाठता येत होता, पण परिस्थिती ओळखून निर्णय घेण्यासाठी पस्तीस सेकंद धरले की विमान पोहोचत नव्हते. धावपट्टी गाठता येणार नाही, हे कॅप्टनने आकडेमोड न करता ओळखले होते.

दुसरे उदाहरण मला याहून मोठे वाटते, कारण तेथे चेकलिस्टच नव्हती. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड कंपनीच्या डीसी-१० विमानाचे शेपटीतले इंजिन फुटले आणि त्याच्या तुकड्यांनी विमान वळवणाऱ्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. स्टिअरिंग हलते, पण चाके वळत नाहीत, अशी ती अवस्था होती. योगायोगाने डेनी फिच नावाचे प्रशिक्षक वैमानिक प्रवासी म्हणून त्याच विमानात होते. १९८५ मध्ये जपानमध्ये अशाच बिघाडाने ५२० माणसे गेली होती, तेव्हापासून 'आपल्यावर ही वेळ आली तर?' या प्रश्नाने त्यांना घेरले होते आणि त्यांनी सिम्युलेटरवर स्वतःहून खटपटही करून पाहिली होती. कॅप्टन अल हेन्स यांनी त्यांना कॉकपिटमध्ये बोलावून घेतले आणि फिच यांनी पंखांखालच्या दोन इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे जोर देणारे दांडे, कमीजास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. उतरताना विमान मोडले. २९६ पैकी ११२ जण दगावले, १८४ वाचले. कोणी न सांगता, पगारात न धरलेल्या वेळेत केलेला तो अभ्यास कोणत्या रकान्यात धरायचा, हे खर्च कापणाऱ्यांनी एकदा सांगावे.

अनुभवाचे दर्शन नेहमी असे थरारक नसते. मागच्या हिवाळ्यात मी दिल्लीहून सकाळच्या विमानाने ओझरला येत होतो. निफाडकडचा गारठा आणि द्राक्षबागांवर साचणारे धुके नाशिककरांना सांगायला नको. चाके खाली आल्याचा आवाज झाला, खिडकीतून पांढऱ्याखेरीज काही दिसेना, आणि अचानक इंजिने गरजून विमान नाक वर करून पुन्हा चढू लागले. थोड्या वेळाने घोषणा झाली की आपण मुंबईला जात आहोत. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी कपाळाला हात लावला, "आता टॅक्सी करा आणि कसारा घाट चढा!" मागून कोणीतरी "नवखा दिसतोय" असेही म्हणाले. मुंबईत उतरताना दाराशी उभ्या असलेल्या, कानाजवळ पांढऱ्या झालेल्या कॅप्टनला मी विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "ज्या उंचीला धावपट्टीचे दिवे दिसायला हवेत, तिथे दिसले नाहीत, काका. आधी 'गो-अराउंड' म्हणाली ती माझी सहकारी." 'गो-अराउंड' म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढणे. मागे उभी असलेली ती मुलगी माझ्या नातीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल.

मला हे वाक्य विसरता येत नाही, कारण २२ मे २०१० रोजी मंगळूरला याच्या नेमके उलटे घडले. तेथे कॅप्टनच्या नावावर दहा हजारांहून अधिक तास होते. तरीही विमान फार उंचावरून, फार वेगाने धावपट्टीवर येत असताना सहवैमानिकाने 'गो-अराउंड'ची सूचना वारंवार केली, ती मानली गेली नाही आणि १५८ जणांचा बळी गेला. प्रवासात कॅप्टन बराच वेळ झोपलेले होते आणि झोपेची गुंगी हेही एक कारण असल्याचे चौकशीत नोंदले गेले. म्हणजे अनुभवी माणूस थकलेला असेल, किंवा कनिष्ठाचे ऐकण्याची सवय त्याला नसेल, तर तासांचा आकडा कोणालाही वाचवत नाही. माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारे हे उदाहरण मी मुद्दाम देत आहे; ज्येष्ठतेचा जयजयकार करण्यासाठी मी लिहायला बसलेलो नाही.

मुळात तास तरी कसले, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात आणि कॅप्टन होण्यासाठी जो वरचा परवाना हवा, त्याला १,५००. पण चार तासांच्या प्रवासात बहुतेक वेळ ऑटोपायलट काम करतो आणि प्रत्यक्ष हाताने विमान चालवण्याची मिनिटे मोजकीच येतात. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ धरला, ऑटोपायलट सुटला आणि कॅप्टन विश्रांतीला गेलेले असताना विमान अचानक दोन सहवैमानिकांच्या हाती आले. धोक्याची सूचना वाजत असतानाही नाक वरच ओढलेले राहिले, त्यामुळे पंखांचा आधार सुटला, कॅप्टन परत येईपर्यंत विमान कोसळू लागले होते, आणि २२८ जण गेले. संगणक हात वर करतो तो नेमका सर्वांत अवघड क्षणी. 'संगणकच उडवतो' या म्हणण्याला माझे हे उत्तर आहे.

म्हणून प्रवाशांनी आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी स्वस्त तिकिटाबरोबर आणखी काही गोष्टी मागाव्यात, असे मला वाटते. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळायला मनुष्यबळ कमी पडले आणि देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली. तेव्हा विमानतळांवर अडकलेल्यांचा राग समजण्यासारखा होता, पण तो आठवड्याला छत्तीसऐवजी अठ्ठेचाळीस तास विश्रांती देणाऱ्या नियमावर निघाला, हे बरे झाले नाही. वयाच्या पासष्टीला प्रवासी विमान चालवणे थांबते, ते थांबावेही, पण त्या दिवशी घरी जाणाऱ्या कॅप्टनने आणखी पाच-सात वर्षे सिम्युलेटरमध्ये नव्या मुलांशेजारी बसावे, इंजिने बंद पाडावीत, धुके आणावे, आणि "आता काय कराल?" असे विचारावे, यासाठी कंपन्यांनी त्याला चांगला पगार द्यावा. तो खर्च तिकिटात आला तरी माझी हरकत नाही. धुक्याच्या त्या दिवशी कसारा घाटाची टॅक्सीही आम्ही चौघांनी वाटून घेतली होती.

आपला,
एक निवृत्त कामगार,
सिडको, नाशिक