बदक आलं म्हणजे काय, हे शाळेत कुणाला कळणार?

प्रिय मंदा,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. भेटलीस की हवं तेवढं भांड, मी ऐकून घेईन. माझं बीपी गोळीने आटोक्यात आहे, ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं. झालं.

आता खरं कारण. माझा नातू, लेकीचा चिकू, जूनच्या मध्यावर छोट्या शिशूत जाणार. काल त्याला विचारलं, "शू लागली तर बाईंना काय सांगशील?" तो म्हणाला, "बदक आलं." कमोडवर ठेवायच्या त्याच्या सीटवर पिवळं बदक आहे, म्हणून वर्षभर सगळं घर बदकच म्हणतंय. सगळे पोट धरून हसले. मला मात्र रात्रभर डोळा लागला नाही. का, ते जगात फक्त तुला कळेल.

मुलाचं बोलणं एकदा कळलं नाही की ते दुसऱ्यांदा सांगत नाही, धरून ठेवतं. पाण्याची बाटली भरलेली घरी येते आणि आई म्हणते, हा शाळेत पाणीच पीत नाही. शी दाबली की खडा होतो, खडा झाला की दुखतं, दुखलं की आणखी दाबतं. "शाळा नको, पोटात दुखतं" याच्यामागे आपण दोघींनी आपल्या बालवाडीत कितीदा हेच पाहिलंय! आणि घरचे बाईंना दोष देत बसतात.

म्हणून बदक आजपासून बंद. घरात सगळ्यांनी "शू" आणि "शी" म्हणायचं, आणि त्याने पूर्ण वाक्य म्हणायचं: "मावशी, मला शू लागली." तेही मोठ्याने, शेजारच्या काकूंकडे जाऊन, कारण घरात बोलणारं मूल परक्यापुढे गप्प होतं. दुसरं म्हणजे शाळेत भारतीय पद्धतीचा संडास आहे आणि हा कमोडवर वाढलेला. उकिडवा बसला की टाचा उचलतो आणि मागे कलंडतो. त्यावर मी असं लावलंय: दिवसातून दोनदा खेळणी जमिनीवर मांडायची, पाय खांद्याएवढे फाकवून टाचा टेकवायच्या, एका हाताने पलंगाचा पाय धरायचा. आधी पाच मोजेपर्यंत, मग दहा, मग वीस. आधार सगळ्यात शेवटी सोडायचा. चड्डी गुडघ्यापर्यंतच खाली घ्यायची. घोट्यापर्यंत गेली की ओल्या फरशीला लागते, पाय अडकतो आणि मूल तोंडावर पडतं. शिंप्याला सांगून गणवेशाच्या चड्डीचे हुक आणि चेन काढून इलॅस्टिक घालून घेतलं. लेक म्हणाली, "दिसायला बरं नाही." मी म्हटलं, घाईच्या वेळी हुक उघडून बघ, मग दिसण्याचं बोलू.

आणि जावयांनी काय आणलं असेल? अक्षरं गिरवायची वह्या! चिकू नोव्हेंबरचा. ३१ डिसेंबरपर्यंत वय पूर्ण हवं, या नियमात बसला खरा, पण वर्गातली काही मुलं त्याच्याहून दहा महिन्यांनी मोठी असतील. साडेतीन वर्षांचं मूल गोल बघून गोल काढतं. अधिकची खूण साधारण चौथ्या वर्षी येते, चौकोन त्यानंतर. ज्याला दोन रेघा एकमेकींवरून काढता येत नाहीत त्याने "अ" काढायचा? मग पेन्सिल मुठीत धरतो, दाबून लिहितो, बोट दुखतं आणि वही बघितली की पळतो. वह्या मी माळ्यावर टाकल्यात. त्याऐवजी एक वाटी मैदा, पाव वाटी मीठ, चमचाभर तेल, चिमूटभर हळद आणि लागेल तसं पाणी घालून पोळीच्या कणकेपेक्षा थोडा घट्ट गोळा मळते. मिठाने तो टिकतो, आणि खारट म्हणून पोरं खात नाहीत. साप वळायचे, चिमटीने काटे काढायचे. जोडीला मटार सोलणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं, जुना पेपर फाडणं. कोसबाडच्या बालवाडीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, पानं, शंख-शिंपल्यांवर मुलं शिकवली, हे मी जावयांना सांगितलं. ते "हो" म्हणाले. पटलं की नाही, देव जाणे.

डब्याचं विसरलेच. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा त्याला उघडत नाही, आणि उघडला की भाजी अंगावर. उचकटायला सोपा, एकाच कप्प्याचा घेतला. अर्धी पोळी, गुंडाळी करून दोन तुकडे. मे महिनाभर रोज दहा वाजता तोच डबा, खाली बसून, भरवायचं नाही. रेनकोटला टिचबटणं आहेत, ती ओढून काढता येतात, पण लावायला मावशी लागतीलच. झोपेची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणतेय.

आता आपलं जुनं भांडण. आईने पहिला आठवडा वर्गात बसावं, असं तू म्हणायचीस, आणि मी तिला फाटकाबाहेर काढायची. अजूनही माझं तेच मत आहे, फक्त एक दुरुस्ती: पहिले दोन दिवस तासाभराची शाळा आणि आई व्हरांड्यात, मुलाला दिसेल अशी. तिसऱ्या दिवसापासून फाटकावर एक पापा, "डबा खाऊन झाला की मी येते," आणि पाठ फिरवून चालू पडायचं. मूल खेळात रमलंय असं बघून गुपचूप सटकायचं नाही, हे तर आपल्या दोघींनाही मान्य होतं. एकदा तसं झालं की ते पुढे दर मिनिटाला दाराकडे बघतं. पहिल्या सोमवारी न रडलेलं पोर दुसऱ्या सोमवारी गळा काढतं, हे लेकीला आत्ताच सांगून ठेवलंय, नाहीतर तीच रडेल.

तुझा गुडघा कसा आहे? सुनेला नोकरी लागल्याचं कळलं, फार आनंद झाला. नातीचा फोटो पाठव.

एक विचारायचंय. आपल्या मावशी संडासाच्या दाराआड खडूने प्रत्येक मुलाचा शब्द लिहून ठेवायच्या, आठवतं? मी चिकूच्या बाईंसाठी चार ओळींची चिठ्ठी केलीय: डाव्या हाताने खातो, शिंगाडे चालत नाहीत, मोठ्या आवाजाला घाबरतो, रडला तर पाठीवर हात ठेवला की थांबतो. पाचवी ओळ "बदक म्हणाला तर शू" अशी घालू का? घातली तर जुना शब्द चालतो असं होईल. नाही घातली आणि घाबरून त्याच्या तोंडून तेच निघालं तर? दहा तारखेच्या आत कळव.

तुझीच,
शरू