अनंतास, भाऊंच्या वहीविषयी

नौपाडा, ठाणे
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर न देता गणपती, नवरात्र आणि दिवाळी गेली, याबद्दल तू मनातल्या मनात मला नोटीस बजावली असशीलच. फोन केला असता, पण फोनवर तू समोरच्याला साक्षीदारासारखा मध्येच तोडतोस. प्रकृती बरी आहे, साखर आहे तेवढीच आहे.

आपली इमारत अखेर पुनर्विकासाला जाते आहे. सामान आवरताना माळ्यावरून आमच्या थोरल्या भावाची, भाऊंची, काळी पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यात त्यांचे जर्सीचे दोन स्वेटर, पेन्शनची कागदपत्रे आणि एक हिरव्या पुठ्ठ्याची वही होती. वहीत बहुतेक हिशेबच आहेत. मधल्या दोन पानांवर मात्र तलावपाळीवर आपण त्या रात्री भाऊंच्या तोंडून जे ऐकले, ते तारखेसह आणि गावाच्या नावासह लिहिलेले आहे. शेवटच्या ओळी अशा: "पळाला नाही. बसला होता. मोळी बांधत होता. सही मी केली." त्याखाली त्या मारल्या गेलेल्या माणसाचे नाव आहे. भाऊंनी ते दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट लिहिले आहे, म्हणजे कोणाला तरी विचारून घेतले असावे. ती रात्र माहीत असलेला तुझ्याखेरीज आता कोणी नाही, म्हणून हे पत्र.

१९७४ चा मे महिना तुला आठवतोच. एप्रिलमध्ये दिल्लीत तीन देशांचा करार झाला आणि ज्या १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटले चालविण्याचे बांगलादेशाने ठरविले होते, त्यांनाही परत जाऊ दिले. तू तेव्हा एल्एल्.बी.च्या पहिल्या वर्षाला होतास आणि भेळवाल्यालाही कायद्याची कलमे ऐकवीत असस. १९५ जणांवर खटला झालाच पाहिजे, हुकुमाचे कारण चालणार नाही, असे तू कट्ट्यावर टेबल आपटून सांगितलेस. (टेबल पेंडशांचे होते, आणि त्याचा पाय त्या दिवसापासूनच लंगडा आहे.) लष्करातून रजेवर आलेले भाऊ काही बोलले नाहीत. रात्री आपल्याला तलावपाळीवर घेऊन गेले आणि कोपिनेश्वराची शेवटची घंटा झाल्यावर त्यांनी ते सांगितले. दुसऱ्या दिवशी मी तुला डिवचले, "आता बोल, भाऊंवरही खटला का?" तू म्हणालास, "ते वेगळे आहे." त्या एका वाक्यावरून मी तुला एक्कावन्न वर्षे छळले. दामले सरांच्या निवृत्तीच्या जेवणातही सोडले नाही. आज कळते आहे की ते वाक्य माझ्याही तोंडात तयारच होते.

भाऊबिजेच्या दिवशी, २३ ऑक्टोबरला, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या न्यायालयाने "सोल्जर एफ" या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या माजी ब्रिटिश सैनिकाला निर्दोष सोडले, हे तू वाचलेच असशील. ३० जानेवारी १९७२ ला तिथल्याच डेरी शहरात मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी केलेल्या गोळीबारात १३ माणसे जागच्या जागी किंवा त्याच दिवशी मेली. पहिल्या चौकशीने काही आठवड्यांत सैनिकांना बहुतांशी मोकळे केले. दुसरी १९९८ मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल २०१० मध्ये आला. मेलेल्यांपासून कोणालाही धोका नव्हता असे त्यात निघाले, आणि ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्यानंतरही दोन खुनांचा आणि पाच जणांना मारण्याच्या प्रयत्नांचा खटला उभा राहायला २०२५ उजाडावे लागले. सैनिकांनी शिस्तीचे सर्व भान सोडले होते, हे न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटले. परंतु पुरावा म्हणजे मुख्यतः सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिलेल्या जबान्या, आणि त्यांपैकी एक सहकारी केव्हाच मेलेला. मेलेल्याची उलटतपासणी घेता येत नाही, हे मी तुला सांगणे म्हणजे सुताराला रंधा दाखविणे.

निकाल वाचला तेव्हा मला, खरे सांगतो, हायसे वाटले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कशाला ओढायचे, तेव्हा तो पोरगाच असणार, हुकूम देणारे कोठे आहेत, ही माझी जुनी सगळी वाक्ये रांगेने उभी राहिली. आठवड्याने ट्रंक उघडली आणि त्या रांगेतले एकेक वाक्य मला तपासावे लागले. "आता फार उशीर झाला" हे त्यांतले सर्वांत सभ्य वाक्य, आणि तेच सर्वांत खोटे निघाले. उशीर पावसासारखा आपोआप येत नाही. तो कोणीतरी करतो. तिकडे पहिल्या चौकशीने केला, २०२३ मध्ये त्यांच्या संसदेने अटींवर अभयदान देणारा कायदाच केला आणि पुढच्या वर्षी बेलफास्टच्या उच्च न्यायालयाला ते अभयदान रद्दबातल ठरवावे लागले. इकडे जवानांवर खटला भरायला लागणाऱ्या केंद्राच्या मंजुरीचे कुलूप आहे. नागालँडमधल्या ओटिंगला ४ डिसेंबर २०२१ च्या संध्याकाळी खाणीतून घरी परतणारे सहा मजूर जवानांच्या गोळीबारात मारले गेले, नागालँड पोलिसांनी ३० जवानांवर आरोपपत्र ठेवले, केंद्राने मंजुरी नाकारली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कामकाज थांबविले. पुढे मंजुरी मिळाली तरच ते प्रकरण चालेल. जवान खरोखर दोषी आहेत की नाहीत, हे त्यांनाही कोणी सांगणार नाही. तुझा पक्ष तेव्हाही हाच होता की खटला हा आरोपीचाही हक्क आहे; मला तो वकिली डाव वाटे.

आता मूळ गोष्ट. मणिपूरमधील १५२८ मृत्यूंच्या याचिकेवर जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. अशांत प्रदेशातही जादा बळ वापरणाऱ्याला फौजदारी न्यायालयापासून सरसकट संरक्षण नाही, आणि प्रकरण जुने झाले म्हणून ते झाकता येणार नाही, असा त्याचा आशय होता. भाऊंनी ती बातमी गॅलरीत बसून दोनदा वाचली. मग विचारले, "अनंता काय म्हणतो रे यावर?" मला प्रश्न पूर्ण कळला होता. मी म्हणालो, "भाऊ, जुने झाले आता ते. चहा घ्या." त्यांनी घेतला. नोव्हेंबरात ते गेले. तुला हे मी कधीच सांगितले नाही, कारण तू त्याच रात्रीच्या गाडीने आला असतास, आणि भाऊंनी तुझ्यासमोर जबानी लिहून दिली असती, याची मला खात्री होती. मायेने केले म्हणावे, तर त्या मायेत त्या मोळीवाल्याच्या घरच्यांना कोठेच जागा नव्हती.

आता वही म्हणजे मेलेल्याचीच जबानी. तिला काडीची किंमत नाही असे तू म्हणशील, की थोडीफार आहे? शिवाय गोळी झाडणारा मुलगा भाऊंच्याच तुकडीतला, तेव्हा विशीचा. जिवंत असला तर आपल्याच वयाचा, सातारा भागात कोठेतरी नातवंडांत बसलेला असेल. त्याचेही नाव वहीत आहे. पण "पळाला असे लिही" म्हणून सांगणाऱ्या साहेबाचे नाव भाऊंनी लिहिलेले नाही, आणि याच गोष्टीचा मला भाऊंवर राग आहे. मेलेल्या थोरल्या भावावर या वयात रागावणे विचित्र वाटते, तरी आहे. उद्या काही उभे राहिलेच, तर त्या पोराच्या दारात पोलीस जातील आणि साहेब कोरा राहील. असे असूनही खटला व्हावा, असे म्हणायला मी आता तयार आहे. डेरीबद्दल तर बेधडक म्हणतो. येथे म्हणताना आवाज खाली येतो.

वहिनींनी परवा विचारले, वहीत काय आहे. मी म्हणालो, हिशेब. "असणारच," म्हणाल्या, "पैशाचीही चूक खपत नसे त्यांना."

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. नातीच्या बारावीला शुभेच्छा. तिला वकील करू नकोस. सुमनला नमस्कार सांग, तिच्या हळदीच्या लोणच्याची बरणी पोहोचली आणि संपलीही.

दोन्ही पानांच्या झेरॉक्स सोबत आहेत. दुकानदाराने वाचू नयेत म्हणून यंत्रापाशी मी स्वतः उभा होतो. मूळ वही माझ्या बँकेच्या जुन्या पिशवीत आहे; सामान हलवणारे गुरुवारी येतात, त्यांच्या हाती ती देणार नाही. पुढच्या रविवारी सकाळी आठला फोन कर. वहिनी तेव्हा कोपिनेश्वराला जातात, आणि या वेळी मी तुला मध्येच तोडणार नाही, तूही मला तोडू नकोस.

तुझा,
वसंता