दादा, त्या रात्री फोनवर ओरडलास त्याबद्दल थँक्यू

दादा,

फोनवर तुला थँक्यू म्हटलं की तू "बरं बरं, जेवलास का" करून विषय बदलतोस, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय, आता बदल विषय.

एप्रिलमधली गोष्ट, ऐन सीझन. रत्नागिरीच्या आंबेवाल्या काकांची ऑर्डरची साईट माझ्याकडे आहे हे तुला माहितीये. रात्री साडेदहाला त्यांचा फोन, "अरे मुंबईचं गिऱ्हाईक म्हणतंय तुमच्या साईटवर जुगार दिसतोय". मी लॅपटॉपवर उघडली तर हापूसच्या पेट्या, सगळं व्यवस्थित. मग बायकोच्या मोबाईलवर गूगलमधून गेलो तर थेट कसिनो. म्हणजे सर्च करून येणाऱ्या मोबाईलवाल्यालाच पळवत होते, मालकाला आणि मला कळूच नये असं. सर्व्हरवर शिरून तारखा बघितल्या तर सगळ्या फाईली दोन वर्षं जुन्या, कोणी हात लावलाय असं वाटेचना.

तुला फोन लावला तर तू पहिलं एकच विचारलंस, "एडचा डेटाबेस सर्व्हरच्या बाहेर ठेवलायस ना?" एड म्हणजे एआयडीई, सर्व्हरवरच्या फाईली बदलल्या का ते पकडणारा प्रोग्रॅम.

ठेवला होता बाबा. ऑक्टोबरमध्ये तूच कटकट करून एआयडीई टाकायला लावलं होतंस. मला तेव्हा वाटलेलं रविवार फुकट गेला, कारण दिसायला त्यात काहीच नाही, एकदा इनिट (पहिली नोंद करायची कमांड) मारायचं, ते प्रत्येक फाईलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा), साईज, मालक, परमिशन, आयनोड (डिस्कवरचा फाईलचा नंबर) सगळं एका डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं, आणि मग रोज चेक मारला की आजची फाईल आणि लिहिलेली फाईल जुळते का एवढंच बघतं. आणि तो डेटाबेस त्याच सर्व्हरवर ठेवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या, हे तुझं वाक्य, म्हणून दर अपडेटनंतर ताजी कॉपी पेनड्राइव्हवर.

तर ती कॉपी चढवून चेक मारला. तीन ओळी! मुख्य इंडेक्स फाईलचा हॅश बदललेला, सीटाईम (फाईलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ) बदललेला, पण एमटाईम (मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ) जसाच्या तसा. तू म्हणालास टच कमांड मारून एमटाईम हवा तेवढा मागे नेता येतो, सीटाईम कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतः लिहितो, तो टचला ऐकत नाही. मी बघत बसलेली तारीख म्हणजे एमटाईमच होती की. दुसरी ओळ, अपलोड्सच्या फोल्डरमध्ये फोटोंच्या मधोमध एक नवी पीएचपी फाईल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड. आणि तिसरी, वेबसर्व्हरच्या युजरचं क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी), जे आम्ही कधी बनवलंच नव्हतं. मी इंडेक्स साफ केली असती तर त्या क्रॉनने परत घाण आणून टाकली असती आणि मी आठवडाभर डोकं आपटत बसलो असतो.

अपलोड्सवरून आठवलं. एडच्या रोजच्या मेलला कंटाळून मी ते अख्खं फोल्डर उद्गारचिन्ह लावून वगळलं होतं, आणि तू कॉन्फिग बघून शिव्या घातल्या होत्यास, की फोटोंची एक्स्टेन्शनं तेवढी वगळ, शेवटी डॉलर लाव (म्हणजे नाव तिथेच संपतं), बाकी सगळं तपासू दे. ते ऐकलं म्हणून ती दुसरी ओळ दिसली.

आणि आता जे तुला सांगितलं नव्हतं ते. रोज सकाळचा मेल येतच होता रे. मी फिल्टर लावून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला होता. नंतर उघडून बघितलं तर त्याच तीन ओळी तीन दिवसांपूर्वीच्या मेलमध्ये पडलेल्या. शिव्या आत्ताच दे, मी तयार आहे.

पण खरा थँक्यू त्या ओरडण्यासाठी. घाबरून मी एडचं अपडेट मारून नवा डेटाबेस जुन्यावर चढवायला निघालो होतो, लाल ओळी गेल्या की बरं वाटेल म्हणून, आणि तू इतक्या जोरात "थांब" म्हणालास की बायको उठली. घाण असताना डेटाबेस नवा केला तर घाणच खरी ठरणार, हे त्या वेळी सुचलंच नव्हतं. रूट (सर्व्हरचा पूर्ण ताबा) गेलाय की नाही हे आतून छातीठोक सांगता येत नाही, कर्नलच खोटं बोलत असेल तर एड तरी काय करणार, म्हणून नवीन मशीन उचलायला लावलंस, स्वच्छ बॅकअप, सगळे पासवर्ड नवे, भोक पडलेलं प्लगइन काढून टाकलं आणि मगच इनिट. पहाटे साडेचार. तू लाईनवरच होतास, मध्येच पर्ड्यू विद्यापीठात 1992 साली जीन किम आणि स्पॅफोर्डने ट्रिपवायर (असाच फाईली तपासणारा आधीचा प्रोग्रॅम) कसं केलं आणि मग 1999 ला फिनलंडच्या रामी लेहती आणि पाब्लो विरोलायनेनने हे फुकटातलं एड कसं लिहिलं हे सांगत होतास, मला जागं ठेवायला. त्या दोघांनाही थँक्यू, एक पैसा न देता वापरतोय.

काकांच्या ऑर्डरी सकाळी आठला सुरू झाल्या. त्यांना वाटतं मीच केलं सगळं, मी खरं सांगितलं तर म्हणाले त्या पोराला पेटी पाठव. कुरिअर आज गेलंय, पत्ता जुनाच टाकलाय, बदलला असेल तर लगेच कळव नाहीतर आंबे पिकतील वाटेतच.

आणि आजचा सकाळचा मेल वाचला बरं का. लुक्स ओके, पुढे तुझी ती आवडती दोन उद्गारचिन्हं.